साठ जागांची नोंदवही

गेल्या वर्षी आमच्या गृहनिर्माण संस्थेत रक्तदान शिबिर भरवण्याचे ठरले, तेव्हा आठवडाभर आधीपासून संस्थेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक यादी फिरू लागली. पहिल्या गृहस्थांनी एकाचा आकडा घालून आपले नाव लिहिले, दुसऱ्यांनी तो सारा मजकूर उचलून त्याखाली दोनाचा आकडा घातला, आणि याप्रमाणे ती यादी एकेका नावाने लांबत घरोघर हिंडत राहिली. एके दुपारी दोघांनी एकाच सुमारास तेविसाव्या नावापर्यंतची यादी उचलली. दोघांनीही चोविसाव्या क्रमांकावर आपापले नाव लिहिले. आणि पंचविसाव्या माणसाने त्यांतली जी यादी शेवटी दिसली तीच पुढे चालवल्यामुळे त्या दोघांपैकी एका ताईंचे नाव, कोणीही खोडले नसताना, नाहीसे झाले. शिबिराच्या सकाळी त्या वेळेवर आल्या, आणि टेबलापाशी बसलेल्या कार्यकर्त्याने छापील यादीवरून दोनदा बोट फिरवून ‘तुमचे नाव यात दिसत नाही’ असे सांगितले, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जो संकोच उमटला तो मला अद्याप विसरता आलेला नाही.

त्याच दिवशी आणखी एक गोष्ट घडली. यादीत नावे होती, परंतु वेळा नव्हत्या. सबब चहा-नाश्ता आटोपून बहुतेक सारेजण दहा ते अकरा या एका तासात खाली उतरले, रांग जिन्यापर्यंत पोहोचली, कित्येकजण घड्याळाकडे पाहत माघारी गेले, आणि साडेअकरानंतर त्याच खाटा रिकाम्या पडून राहिल्या. देणाऱ्यांची इच्छा मुबलक होती, घेणारे डॉक्टर व परिचारिका तत्पर होत्या, आणि तरीही या दोहोंची गाठ पडू शकली नाही; कारण त्यांच्यामध्ये असावयास हवी होती ती नीट आखलेली एक साधी नोंदवही नव्हती. यंदा ती नोंदवही ऑनलाइन सिद्ध करण्याचे काम मी मागून घेतले. ते करताना जे उमगले ते येथे मांडतो. कारण शिबिर असो, गणेशोत्सवातील आरतीचे यजमानपद असो, की सह्याद्रीतील एखाद्या किल्ल्याची सहल असो, जेथे जागा मोजक्या आणि इच्छुक अनेक, तेथे प्रश्न एकच असतो.

आधी संख्या, मग यादी

नोंदवही आखण्यापूर्वी एक आकडा निश्चित करावा लागतो, आणि तो मनाच्या उत्साहातून न काढता कामाच्या खऱ्या आवाक्यातून काढावा लागतो. रक्तदान शिबिरापुरता हा आवाका आपल्या कायद्यानेच आखून दिलेला आहे. १९४५ च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या ‘एफ’ परिशिष्टात शिबिरांविषयी जो तपशील आहे, त्यानुसार सुमारे ३ तासांत ५० ते ७० किंवा ५ तासांत १०० ते १२० दात्यांचे रक्त घ्यावयाचे असल्यास ६ ते ८ खाटांच्या व्यवस्थेसाठी एक वैद्यकीय अधिकारी आणि दोन परिचारिका असाव्या लागतात. शिवाय तंत्रज्ञ, समाजसेवक व मदतनीस वेगळेच. आमच्या सभागृहात खाटा सहाच मावत होत्या आणि रक्तपेढीने दिलेली वेळ सकाळी ९ ते १२ अशी होती. सहा खाटा प्रत्येकी १८० मिनिटे मोकळ्या, म्हणजे एकूण १०८० मिनिटे. ती ६० दात्यांत वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला १८ मिनिटे येतात. प्रत्यक्ष रक्त पिशवीत उतरण्यास साधारणतः १० मिनिटेही पुरतात, परंतु दात्याने आडवे होणे, हात स्वच्छ करणे, सुई निघाल्यावर क्षणभर विसावणे आणि खाट पुढच्या माणसासाठी सिद्ध करणे हा सारा काळ त्यात धरला पाहिजे. तेव्हा साठ हा आकडा आम्हांला त्या सहा खाटांनीच दिला.

मग त्या साठांची वेळेवर विभागणी केली: ९ वाजल्यापासून अर्ध्या अर्ध्या तासाचे सहा भाग, आणि प्रत्येक भागात १० जागा. विभाग फार लहान केले, दर पाच मिनिटांना एकेक नाव लावले, तर एकाला झालेल्या विलंबाने पुढचे सारे वेळापत्रक कोलमडते; फार मोठे केले तर गेल्या वर्षीची गर्दी पुन्हा उभी राहते. अर्ध्या तासाच्या विभागात दोन मिनिटे उशिरा येणाऱ्याला अवकाश मिळतो आणि रांगही दहांच्या पलीकडे वाढत नाही. कोणत्याही कामासाठी नोंदवही आखणाराने हा हिशेब प्रथम कागदावर करावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. कारण यादीवर छापलेली प्रत्येक जागा हे आयोजकाने दिलेले एक वचन असते, आणि पाळता येणार नाही असे वचन यंत्राच्या साहाय्याने दिले म्हणून ते अधिक खरे होत नाही.

तीन वाटा

हा हिशेब हाती आल्यावर साधनाची निवड सुकर होते. पहिली आणि सर्वांत सोपी वाट म्हणजे गूगल शीट्ससारखा सामायिक तक्ता. त्यात पहिल्या रकान्यात १ ते ६० अनुक्रमांक, दुसऱ्यात वेळ आणि तिसऱ्यात नावासाठी कोरी जागा ठेवावी. ओळी साठच आखल्या म्हणजे मर्यादा आपोआप पाळली जाते, आणि रिकामी जागा कोठे आहे हे प्रत्येकाला डोळ्यांनी दिसते. यादीची प्रत हातोहात न फिरता सारेजण एकाच तक्त्यावर लिहीत असल्याने नाव गहाळ होण्याचा तो जुना प्रकारही टळतो. मात्र अनुक्रमांक व वेळ हे रकाने ‘संरक्षित’ करून ठेवावेत, म्हणजे चुकून बोट लागून त्यांत फेरफार होणार नाही. तरीही दुवा ज्याच्या हाती आहे त्या प्रत्येकाला लिहिण्याची मुभा दिल्यास एकाच्या नावावर दुसऱ्याचे नाव लिहिले जाण्याचा संभव उरतोच. अशा वेळी तक्त्याचा आवृत्ती-इतिहास उघडून पूर्वीची नोंद परत आणता येते. परंतु खात्यात प्रवेश न करता लिहिणाऱ्याचे नाव त्या इतिहासात उमटत नसल्याने बदल कोणी केला हे कळेलच असे नाही. पंधरावीस परिचित माणसांच्या कामाला ही वाट उत्तम. अनोळखी माणसे वाढू लागली की ती अपुरी पडते.

दुसरी वाट गूगल फॉर्मची. येथे प्रत्येकजण स्वतंत्र अर्ज भरतो, दुसऱ्याचे नाव वा दूरध्वनी क्रमांक त्याला दिसत नाही, आणि प्रत्येक अर्ज त्याला जोडलेल्या तक्त्यात दिनांक, तास, मिनिट व सेकंद यांच्या शिक्क्यासह नोंदला जातो. दप्तरी शिस्तीच्या दृष्टीने हा काळाचा शिक्का बहुमोल आहे, कारण आधी कोण व नंतर कोण या वादाचा निकाल तोच लावतो. उणीव एवढीच की ‘साडेनऊच्या विभागात दहाच माणसे घ्यावीत’ अशी प्रत्येक पर्यायाला वेगळी मर्यादा घालण्याची सोय त्या फॉर्ममध्ये मुळात नाही. ती साधण्याचे दोन उपाय आहेत. एक तर तक्त्याच्या दुसऱ्या पानावर सहा वेळा लिहून प्रत्येकीसमोर ‘काउंटइफ’ या सूत्राने आलेल्या अर्जांची संख्या मोजावी, दहातून ती वजा करून शिल्लक दाखवावी, आणि शिल्लक शून्य होताच तो पर्याय फॉर्ममधून हाताने काढून टाकावा. नाहीतर ‘चॉइस एलिमिनेटर’सारखे एखादे जोडसाधन बसवावे, म्हणजे भरलेला पर्याय ते आपणहून काढते. अशा जोडसाधनाला आपल्या खात्यात काय काय पाहण्याची व बदलण्याची परवानगी द्यावी लागते, हे मात्र ‘मान्य’ या शब्दावर बोट ठेवण्यापूर्वी सावकाश वाचून घ्यावे.

तिसरी वाट म्हणजे याच कामासाठी उभारलेल्या सेवा. साइनअपजीनियस, डूडल यांसारख्या सेवांत वेळ लिहून तिच्यापुढे ‘जागा १०’ एवढे घातले की पुढची मोजदाद त्याच करतात, भरलेली जागा बंद करतात आणि आदल्या दिवशी स्मरणपत्रही धाडतात. परंतु त्यांची सारी मांडणी ईमेलवर बेतलेली असते, आणि आपल्याकडील असंख्य माणसे ईमेल उघडण्याऐवजी व्हॉट्सॲपच पाहतात. व्हॉट्सॲपवरील मतचाचणीचा मोह पुष्कळांना होतो. पण तिच्यात एका पर्यायावर किती मते पडावीत याला बंधन घालता येत नाही, म्हणून कल पाहण्यास ती योग्य असली तरी जागावाटपास निरुपयोगी आहे. या सर्वांचा विचार करून आम्ही फॉर्म आणि त्याला जोडलेला मोजदादीचा तक्ता ही मधली वाट पत्करली.

एका जागेवर दोन हात

जोडसाधन बसवले तरी एक सूक्ष्म अडचण राहतेच, आणि ती आयोजकाने समजून घेतली पाहिजे. समजा, दहाच्या विभागात एकच जागा शिल्लक आहे, आणि दोन दाते आपापल्या घरी तोच फॉर्म उघडून बसले आहेत. दोघांच्याही पडद्यावर ती जागा दिसते. दोघेही प्रामाणिकपणे ती निवडतात. आणि पर्याय काढून टाकण्याचे काम पहिला अर्ज पोहोचल्यानंतरच सुरू होत असल्याने दुसऱ्याचाही अर्ज आत येतो. व्हॉट्सॲपच्या यादीत चोविसाव्या क्रमांकावर जे घडले त्याचेच हे दुसरे रूप. भेद इतकाच की येथे कोणाचे नाव पुसले जात नाही, आणि कोणाचा अर्ज आधी आला हे सेकंदापर्यंत कळते. रेल्वेच्या आरक्षणासारख्या विशाल व्यवस्थेत एक नोंद पूर्ण होईपर्यंत तीच जागा दुसऱ्याला मिळू नये असे कुलूप संगणकाच्या आतच घातलेले असते. साठ माणसांच्या कामाला तेवढ्या बंदोबस्ताची गरज नाही. गरज आहे ती भाषा नेमकी ठेवण्याची. म्हणून आमच्या फॉर्मच्या शेवटी ‘आपली जागा निश्चित झाली’ असे न लिहिता ‘आपला अर्ज पोहोचला, जागेची निश्चिती सायंकाळपर्यंत कळवू’ असे लिहिले, आणि रोज सायंकाळी तक्ता पाहून प्रत्येकाला वेळेसह निरोप धाडला. अर्ज आणि निश्चिती या दोन भिन्न गोष्टी आहेत हे एकदा स्पष्ट केले म्हणजे निराशेचा प्रसंग आला तरी फसवणुकीची भावना उत्पन्न होत नाही.

काय विचारावे, काय विचारू नये

फॉर्ममध्ये प्रश्न वाढवणे फार सोपे असते, आणि म्हणूनच तेथे संयमाची परीक्षा होते. आम्ही चारच गोष्टी विचारल्या: नाव, दूरध्वनी क्रमांक, हवी असलेली वेळ, आणि ती न मिळाल्यास चालणारी दुसरी वेळ. रक्तदात्याच्या पात्रतेच्या अटी मात्र प्रश्नांच्या वरती ठळक लिहिल्या: वय १८ ते ६५, आणि प्रथमच रक्त देणाऱ्यास ६० पर्यंत, वजन किमान ४५ किलो, रक्तातील हिमोग्लोबिन दर १०० मिलिलिटरमागे किमान १२.५ ग्रॅम, मागील रक्तदानापासून पुरुषांना ९० आणि स्त्रियांना १२० दिवस झालेले असावेत, आणि उपाशीपोटी येऊ नये. या अटी आधी वाचल्याने ज्यांना त्या दिवशी रक्त देता येणे शक्यच नव्हते त्यांनी जागा अडवली नाही.

आजार, औषधे, शस्त्रक्रिया वा गर्भारपण यांविषयी एकही प्रश्न आम्ही विचारला नाही. ती चौकशी शिबिराच्या ठिकाणी, वैद्यकीय अधिकाऱ्यासमोर, गुप्ततेची हमी असलेल्या लेखी प्रश्नावलीतून होत असते. शेजारच्या घरातील कार्यकर्त्याने सांभाळलेल्या तक्त्यात तिला स्थान नाही. अपात्र ठरण्याची कारणे अनेक व अत्यंत खाजगी असतात, आणि त्यांची वाच्यता झाली तर तो माणूस पुन्हा रक्तदानाकडे वळणार नाही. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणासाठी आपल्या देशात २०२३ साली स्वतंत्र कायदा झाला आहे. परंतु कायद्याचे कलम न वाचताही जे शेजारधर्माला कळते ते एवढेच, की ज्या कामासाठी माहिती घेतली त्याच कामाला ती वापरावी, आणि काम संपल्यावर ती नष्ट करावी. आम्ही तसे फॉर्ममध्ये लिहून दिले आणि तक्ता पाहण्याचा अधिकार दोघांपुरताच ठेवला.

ज्यांच्या हाती स्मार्टफोन नाही

‘स्लॉट’ हा शब्द मराठी घराघरांत शिरला तो २०२१ च्या उन्हाळ्यात. १ मे २०२१ पासून १८ ते ४४ वयोगटासाठी कोविड लसीकरण खुले झाले, तेव्हा कोविन संकेतस्थळावर आधी वेळ घेतल्याविना त्यांना लस मिळत नसे. आणि नव्या जागा खुल्या होताच डोळ्यांदेखत भरून जात. ज्यांच्याकडे वेगवान इंटरनेट होते त्यांनाही तेथे धाप लागे. ज्यांच्याकडे स्मार्टफोनच नव्हता त्यांनी काय करावे, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने ३१ मे २०२१ च्या आदेशात केंद्र सरकारपुढे स्पष्टपणे उपस्थित केला. त्याआधी २४ मे रोजी सरकारी केंद्रांवर या वयोगटाची जागच्या जागी नोंदणी करण्याची मुभा देण्यात आली होती, आणि २१ जूनपासून पूर्वनोंदणीची सक्तीच उठली. एवढ्या प्रचंड व्यवस्थेला जे अनुभवाअंती करावे लागले, ते साठ जागांच्या नोंदवहीत आरंभापासूनच करणे सहज शक्य आहे.

त्यासाठी आम्ही प्रत्येक अर्ध्या तासातील २ जागा, म्हणजे एकूण १२, दूरध्वनीने अथवा प्रत्यक्ष येऊन नाव देणाऱ्यांसाठी राखल्या आणि ऑनलाइन ४८ जागाच खुल्या केल्या. आमच्या सफाई कामगारांपैकी, सुरक्षारक्षकांपैकी आणि घरकामाला येणाऱ्या मावशींपैकी ज्यांना रक्त द्यावयाचे होते, त्यांची नावे या वाटेने आली. मात्र ती नावे वेगळ्या वहीत न लिहिता त्याच फॉर्ममधून कार्यकर्त्याने त्यांच्या देखत भरली. कागदाची यादी एक आणि संगणकाची दुसरी असे दोन ठिकाणी दप्तर राहिले की त्यांचा मेळ कधीच बसत नाही. नाव देण्याची दारे अनेक असावीत, पण नोंदवही एकच असावी. शिबिराच्या दोन दिवस आधी जेवढ्या राखीव जागा शिल्लक होत्या तेवढ्या प्रतीक्षायादीला दिल्या.

एकसष्टावे नाव

आता शेवटचा आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा प्रश्न: साठ जागा भरल्यानंतर येणाऱ्या एकसष्टाव्या माणसाला काय सांगावे? बहुतेक आयोजक जागा भरताच फॉर्म बंद करतात. आम्ही तसे न करता सहा वेळांच्या खाली ‘प्रतीक्षायादी’ हा सातवा पर्याय ठेवला, आणि त्याला मर्यादा घातली नाही. कोणी येता येत नसल्याचे कळवले तर काळाच्या शिक्क्याच्या क्रमाने पहिल्या माणसाला फोन करावयाचा, दोन तासांत होकार न आल्यास दुसऱ्याला, हा नियम आधीच लिहून ठेवला. आणि येता येत नसेल तर कळवावे म्हणून निश्चितीच्या निरोपातच एक दूरध्वनी क्रमांक दिला, कारण नाव मागे घेणे जितके सोपे तितके न सांगता गैरहजर राहणे कमी. शिवाय तपासणीत हिमोग्लोबिन वा रक्तदाबामुळे काहीजणांना परत जावे लागते, हे रक्तपेढीने आधीच सांगितले होते. म्हणून इमारतीतच राहणाऱ्या प्रतीक्षार्थींना त्या सकाळी घरी तयार राहण्याची विनंती केली.

उत्साही मंडळींनी आग्रह धरला होता की मर्यादाच कशाला, शंभर येवोत, दोनशे येवोत. त्यांच्या भावनेचा आदर ठेवूनही मला येथे रक्ताचाच स्वभाव सांगावासा वाटतो. सामान्यतः वापरल्या जाणाऱ्या पिशवीत संपूर्ण रक्त ३५ दिवस टिकते. त्यातून वेगळ्या केलेल्या बिंबाणू, म्हणजे प्लेटलेट्स, अवघ्या ५ दिवसांत निरुपयोगी होतात. उलट, आज रक्त दिलेल्या पुरुषाला पुढचे तीन महिने आणि स्त्रीला चार महिने पुन्हा ते देता येत नाही. तेव्हा एका परिसरातील सर्व इच्छुकांनी एकाच रविवारी रक्त दिले तर पेढीत काही आठवडे रेलचेल होते, आणि त्यानंतर, मे महिन्याच्या सुटीत वा दिवाळीत जेव्हा दाते मिळणे कठीण असते तेव्हा, त्या परिसरात देण्याजोगा माणूस उरत नाही. पिशवीतील रक्ताला मुदत असते. निरोगी दात्याच्या देहातील रक्त मात्र नित्य नवे होत राहते. या दृष्टीने पाहिले म्हणजे प्रतीक्षायादीत राहिलेली माणसे ही नाकारलेली माणसे ठरत नाहीत. ती आपल्या वस्तीची जपून ठेवलेली शिल्लक ठरतात.

शिबिर आटोपल्यावर त्या सायंकाळी मी तक्ता पुन्हा उघडला. आलेल्यांपुढे खूण केली, न आलेल्यांची जागा कोणी घेतली ते लिहिले, रक्तपेढीला कळवावयाचा आकडा कळवला, आणि ठरल्याप्रमाणे दूरध्वनी क्रमांक पुसून टाकले. मात्र त्याआधी प्रतीक्षायादीत उरलेल्या प्रत्येकाला फोन करून विचारले, की दीड महिन्यानंतर पलीकडच्या संस्थेत असेच शिबिर आहे, त्यात आपले नाव लिहू का? ज्यांनी होकार दिला त्यांची नावे नव्या नोंदवहीत उतरवली. त्या नोंदवहीचा फॉर्म अजून कोणालाही पाठवलेला नव्हता. पण तिच्या नऊच्या विभागातील पहिल्या ओळी त्या रात्रीच भरल्या.